आरशामागच्या सतरा जणी

(स्मृतिव्याख्यानमालेत मुलुंड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डिसेंबर २०२१ मधली गोष्ट. शनिवारी रात्री अंधेरीतल्या एका बारवर मुंबई पोलिसांच्या समाजसेवा शाखेने छापा घातला. आत बायका नाचवल्या जातात, अशी खबर एका स्वयंसेवी संस्थेने दिली होती. पोलीस आत शिरले. मॅनेजर होता, कॅशियर होता, वेटर होते, गिऱ्हाइकं होती. बायका मात्र नव्हत्या. स्वच्छतागृह पाहिलं, स्वयंपाकघर पाहिलं, सामानाची खोली पाहिली. एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, कुणी तोंड उघडेना. शोधाशोध कित्येक तास चालली. शेवटी मेकअपच्या खोलीतला मोठा आरसा डोळ्यांत खुपला. तो भिंतीत इतका घट्ट बसवलेला होता की निघेना. हातोडा आणून फोडावा लागला. मागे चोरखोली निघाली. त्या खोलीत एसी होता, पलंग होते आणि सतरा जणी होत्या.

बातमी गाजली. बारला सील लागलं, गुन्हे दाखल झाले. पण एक साधा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. इतका खर्च करून चोरखोली बांधण्याची गरज मालकाला का पडली?

त्या काळात मुंबईतल्या ऑर्केस्ट्रा बारला परवाना देताना एक अट असे. मंचावर आठ कलाकार, चार पुरुष आणि चार स्त्रिया. पाचवी स्त्री मंचावर दिसली की परवान्याचा भंग. तपासायला अगदी सोपं! आत जायचं, बायका मोजायच्या, चारच्या वर गेल्या की कारवाई. मग मालकाने बायकाच दिसेनाशा केल्या. आरसा फुटल्यानंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ही चार-चारची वाटणी रद्द केली. एकूण आठ कलाकारांची मर्यादा राहिली, पण त्यात स्त्रिया किती नि पुरुष किती हे सरकारने ठरवायचं कारण नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

आता त्या सतरा जणींचा विचार करा. त्यांतली स्वतःहून आलेली कोण? फसवून आणलेली कोण? घरच्यांनी घेतलेल्या पैशांपोटी अडकलेली कोण? डोकी मोजणाऱ्या अटीला यातलं काहीही कळायला मार्ग नव्हता. तिला फक्त एवढंच कळत होतं, की बायका चार आहेत की पाच.

आजचा विषय हाच आहे. दुकानाच्या पाटीआड चालणारी माणसांची खरेदी-विक्री रोखण्यासाठी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने काय केलं, न्यायालयांत त्याचं काय झालं, आणि आपल्या उपनगरांतल्या गाळ्यांमध्ये त्यातलं किती पोचलं. हे तपासायला तीन प्रश्न पुरेसे आहेत. पैसा कुणाकडे जातो? गाळा कुणाचा आहे? आणि छाप्यानंतर बाई कुठे जाते? कायदा कुठलाही घ्या, त्याला हे तीन प्रश्न विचारून बघा.

त्याआधी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत हजारो मुली पार्लरमध्ये, सलूनमध्ये, स्पामध्ये मानाने काम करतात. मणिपूर, मिझोराम, नागालँड, दार्जिलिंग इथून इतक्या लांब येऊन त्या स्वतःचं पोट भरतात आणि घरी पैसे पाठवतात. त्यांच्याकडे संशयाने बघणं हाही अन्यायच आहे, आणि तो आपल्याच सोसायट्यांत, आपल्याच लिफ्टमध्ये रोज होतो. म्हणून आजची चर्चा त्या मुलींच्या चारित्र्याची नाही. त्यांना कामावर ठेवणाऱ्याच्या व्यवहाराची आहे.

मुंबईला हा प्रश्न नवा नाही. १९१७ साली डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यातून पळू पाहणाऱ्या बाईचा छळ करून खून झाला. त्या खटल्याने शहर हादरलं. पुढे चौकशी समिती बसली आणि १९२३ मध्ये मुंबई इलाख्याचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा आला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना बंदी केली. १९५६ मध्ये केंद्राचा कायदा झाला. १९८६ च्या दुरुस्तीनंतर त्याचं नाव अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम झालं. पोलीस ठाण्यात आणि वर्तमानपत्रात सगळे त्याला ‘पिटा’ म्हणतात. कुंटणखाना चालवणं, दलाली करणं, बाईच्या कमाईवर जगणं, तिला डांबून ठेवणं हे त्यात गुन्हे आहेत. प्रौढ बाईने देहविक्रय करणं हा त्यात स्वतंत्र गुन्हा नाही. हे वाक्य आज पुन्हा लागणार आहे.

कामाठीपुऱ्यातल्या व्यवहाराचे कायदे तिथल्या बायकांना तोंडपाठ असत. ‘छुकरी’ म्हणजे कर्जात बांधलेली मुलगी. तिच्यासाठी दलालाला दिलेली रक्कम फिटेपर्यंत तिच्या हाती दमडी लागत नसे. ‘अधिया’ म्हणजे अर्धी कमाई घरवालीची, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईची, आणि अर्धी तिची. म्हणजे हिशेब होता, वही होती. फक्त ती वही सरकारने कधी मागितली नाही.

तो धंदा उपनगरांत आला तेव्हा वस्ती गेली आणि पाटी आली. बार आला, ऑर्केस्ट्रा आला, गेस्ट हाऊस आलं, मसाज सेंटर आलं, स्पा आला. कामाठीपुऱ्यात निदान गल्ली ओळखीची होती. इथे खाली औषधांचं दुकान, वर दातांचा दवाखाना, आणि मधल्या मजल्यावर काळी फिल्म लावलेलं काचेचं दार. आत गेलं की टेबल, टेबलावर दरपत्रक, मागे प्लायवूडचे केबिन. कॅमेरा असतो, पण त्याचं तोंड बहुधा जिन्याकडे असतं. वर कोण येतंय ते मालकाला आधी कळावं म्हणून.

आता विधिमंडळाकडे येऊ. २००५ सालचं पावसाळी अधिवेशन. गृहमंत्री आर. आर. पाटील. मुंबई पोलीस अधिनियमात ३३-अ आणि ३३-ब ही दोन कलमं घालणारं विधेयक दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केलं आणि ऑगस्टमध्ये डान्स बारवर बंदी आली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाखांपर्यंत दंड. पाटलांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. घरं उद्ध्वस्त होत होती, तरुण पोरं पैसे उधळत होती, मुली आणल्या जात होत्या. त्यांना ते थांबवायचं होतं. पण कायद्याने बंदी कशावर घातली? नाचावर. आणि ३३-ब ने सूट कुणाला दिली? तीन तारांच्या आणि त्यावरच्या हॉटेलांना आणि क्लबांना. म्हणजे घाटकोपरच्या बारमध्ये जो नाच स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधा आणत होता, तोच पंचतारांकित हॉटेलात चालणार होता.

एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. सरकारचं म्हणणं होतं की बारमध्ये मुलींची तस्करी होते. न्यायालयासमोर जुहूच्या एसएनडीटी विद्यापीठातल्या स्त्री अभ्यास केंद्राने आणि ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ने मिळून केलेली पाहणीही होती. बारमध्ये नाचणाऱ्या ५०० बायकांशी बोलून ती केली होती. सगळ्या बायका तस्करीतून आल्या हे सरकारला दाखवता आलं नाही. उलट बंदीमुळे ७५,००० बायकांचा रोजगार गेला आणि त्यांतल्या अनेकींना देहविक्रयाकडे वळावं लागलं, हे न्यायालयाला दिसलं. ज्यांना वाचवण्यासाठी कायदा केला, त्यांनाच त्याने त्या वाटेवर ढकललं! यापेक्षा मोठं अपयश कुठल्या कायद्याचं असेल?

यातून धडा घ्यायला हवा होता. पण जून २०१४ मध्ये विधिमंडळाने चर्चेशिवाय दुसरी दुरुस्ती मंजूर केली. तारांकित हॉटेलांची सूट काढली आणि बंदी सरसकट केली. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. मग एप्रिल २०१६ मध्ये स्वतंत्र कायदाच आला. अश्लील नृत्याला मनाई आणि तिथे काम करणाऱ्या महिलांच्या प्रतिष्ठेचं रक्षण, असं त्याचं लांबलचक नाव. त्यात आणि त्याखालच्या नियमांत काय नव्हतं? शाळा आणि प्रार्थनास्थळांपासून एक किलोमीटरचं अंतर. नाचाची जागा आणि बसण्याची जागा यांमध्ये भिंत. आत सीसीटीव्ही. नाचाच्या खोलीत दारूला मनाई.

१७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सिक्री आणि न्यायमूर्ती भूषण यांनी यातल्या बहुतेक अटी उडवल्या. एक किलोमीटरची अट मुंबईत पाळणं अशक्य आहे, हे नकाशा बघून कुणीही सांगेल. सीसीटीव्हीने खाजगीपणावर घाला पडतो. संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ राहिली, नोटा उधळण्याची मनाई राहिली. २००५ पासून त्या दिवसापर्यंत एकालाही परवाना मिळालेला नाही, याचीही न्यायालयाने नोंद घेतली.

आणि आणखी एक अट राहिली. इथे थोडं थांबायला हवं, कारण त्या निकालाच्या बातम्यांत ही ओळ फारशी कुणी ठळक केली नाही. काम करणाऱ्या बाईशी लेखी करार करावा आणि तिचा मोबदला तिच्या बँक खात्यात जमा करावा, असं नियमांत होतं. न्यायालयाने ‘मासिक पगारच’ असला पाहिजे हा आग्रह काढला, कारण एखादीला दोन ठिकाणी काम करायचं असेल. पण लेखी करार आणि बँकेत पैसे हा भाग मात्र कायम ठेवला, कारण त्याने शोषणाला आळा बसतो.

श्रोतेहो, चौदा वर्षांच्या त्या सगळ्या खटाटोपात आपल्या पहिल्या प्रश्नाला हात घालणारी ही एवढीच ओळ. पैसा कुणाकडे जातो?

माणूस अडकतो कसा, ते बघा. बीडमधल्या ऊसतोड कुटुंबाला मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि मग ते कुटुंब हंगामभर त्याच्या शब्दाबाहेर जात नाही. इथेही तसंच होतं, फक्त मुकादमाच्या जागी ‘आंटी’ किंवा ‘एजंट’ असतो. बंगालमधल्या, नेपाळमधल्या किंवा आपल्याच मराठवाड्यातल्या एखाद्या गावात तो येतो. पार्लरचं काम, पंधरा-वीस हजार पगार, राहायची सोय. घरच्यांच्या हातात आगाऊ रक्कम पडते. मग त्या रकमेत रेल्वेचं भाडं चढतं, कपडे चढतात, खोलीचं भाडं चढतं, जेवण चढतं, ‘ट्रेनिंग’ चढतं. आधार कार्ड ‘सांभाळायला’ म्हणून मॅनेजरकडे. मोबाइल कामाच्या वेळी जमा. गिऱ्हाइकाची टीप एका डब्यात आणि डब्याची किल्ली काउंटरवर. दाराला कुलूप लावायची गरजच काय? ती जाणार कुठे? आणि गेलीच, तर घरी पैसे मागायला माणूस पोचतो.

भारतीय दंड संहितेच्या ३७० व्या कलमात २०१३ साली दुरुस्ती झाली. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात आहे. फसवून, धाक दाखवून, पैशांचं आमिष दाखवून शोषणासाठी माणूस आणणं, ठेवणं, पाठवणं याला किमान सात वर्षांची सक्तमजुरी आहे. एकापेक्षा जास्त माणसांचा व्यापार असेल तर दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. कलम जबर आहे. पण ते सिद्ध कशावर करायचं? वहीवर, खात्यावर, फोनवरच्या संदेशांवर. आणि छाप्यात पंचनामा कशाचा होतो? बनावट गिऱ्हाईक पाठवलं, त्याला दिलेल्या नोटांचे नंबर आधी लिहून घेतले, ठरलेला मिसकॉल आला, पथक आत शिरलं, काउंटरच्या खणात त्याच नोटा मिळाल्या. या नोटांनी कुंटणखाना सिद्ध होतो. तस्करी सिद्ध होत नाही. त्यासाठी गावापर्यंत मागे जावं लागतं, एजंटापर्यंत जावं लागतं, आणि तोवर तपास अधिकाऱ्याकडे दुसऱ्या वीस फायली आलेल्या असतात.

इथे राज्याच्या दुसऱ्या एका कायद्याकडे वळू. मुंबईत दुकान काढायचं तर ‘गुमास्ता’, म्हणजे दुकानाचा नोंदणी परवाना, काढावा लागतो, हे इथल्या प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत आहे. त्यामागचा १९४८ चा कायदा जाऊन २०१७ चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा आला. त्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीतून सूट मिळाली. धंदा सुरू झाल्यावर साठ दिवसांत ऑनलाइन कळवलं की झालं. निरीक्षकाचं नाव बदलून ‘सुविधाकार’ झालं. छोट्या दुकानदाराच्या मागचा जाच कमी झाला. किराणावाल्याचं, शिंप्याचं भलं झालं, त्याचं स्वागतच आहे. पण सहा मुलींचा स्पाही दहाच्या आतच बसतो. म्हणजे एकाच काळात, एकाच सरकारने, बारमध्ये कॅमेरा लावायचा हट्ट न्यायालयापर्यंत धरला आणि स्पाच्या दारातून कामगार खातं मागे घेतलं. एका हाताने नाचणारीवर नजर ठेवायची आणि दुसऱ्या हाताने तिच्या पगाराची वही मिटायची, असं हे झालं.

इतर राज्यांनी काय केलं? २०२१ मध्ये दिल्लीने स्पासाठी नियम काढले. बाईने बाईलाच आणि पुरुषाने पुरुषालाच मसाज करायचा. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली. मद्रास उच्च न्यायालयात तर एका न्यायमूर्तींनी स्पामध्ये सीसीटीव्ही लावा म्हटलं आणि काही दिवसांतच मदुराई खंडपीठातल्या दुसऱ्या न्यायमूर्तींनी तसं करणं खाजगीपणाच्या हक्काविरुद्ध जातं असं म्हटलं. पुन्हा तेच. कॅमेरा, पडदा, कोण कुणाला हात लावतो. कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये वेगळा कायदा केला. बार, रेल्वे स्थानकं, मसाजची दुकानं अशा ठिकाणी एक सूचनाफलक लावणं बंधनकारक केलं. तुम्हाला जबरदस्तीने कामावर ठेवलं असेल, बाहेर पडू देत नसतील, तर या नंबरवर फोन करा, असं त्यावर इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये आणि त्या भागातल्या आणखी एका भाषेत लिहिलेलं असतं. हा फलक बाईशी बोलतो. आपल्याकडे ११२ आहे, १८१ आहे, मुलांसाठी १०९८ आहे. स्पाच्या कपडे बदलण्याच्या खोलीत मराठी, हिंदी, बांगला आणि नेपाळीत असा एक कागद लावण्याची सक्ती करायला किती खर्च येईल?

आणि तस्करी म्हटलं की फक्त बार आणि स्पा आठवू नये. डान्स बारबंदीच्या त्याच २००५ सालात गोवंडीतल्या जरीकामाच्या गाळ्यात एका बारा वर्षांच्या मुलाचा मालकाच्या मारहाणीत जीव गेला. त्यानंतर धाडी पडल्या आणि हजारो मुलं बिहारकडच्या गाड्यांत बसवून परत पाठवली गेली. त्या मुलांसाठी विधिमंडळात असं एकमत कुठे झालं? पोटमाळ्यावर चौदा तास वाकून टिकल्या लावणारा मुलगा कुणाच्या संस्कृतीला धक्का देत नव्हता.

दुसरा प्रश्न, गाळा कुणाचा? याचं उत्तर लांबलचक नाही, पण इथे बसलेल्या अनेकांच्या अंगावर येईल असं आहे.

गाळा बहुधा आपल्यासारख्याच कुणाचा तरी असतो. निवृत्तीच्या पैशातून घेतलेला, लीव्ह अँड लायसन्सवर दिलेला. भाडं बाजारापेक्षा जास्त येतं, म्हणून मालक आत डोकावत नाही. पिटाच्या तिसऱ्या कलमात अशा मालकालाही शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत. ‘मला काय ठाऊक’ हा त्याचा नेहमीचा बचाव. पण कायद्याने तोही विचार करून ठेवलेला आहे. त्या जागेवर छापा पडून तिथे देहविक्रय चालत असल्याची बातमी त्या भागात खप असलेल्या वर्तमानपत्रात आली, किंवा छाप्यात सापडलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत मालकाला दिली गेली, की त्यापुढे त्याला ते ठाऊक होतं असं धरलं जातं. नव्हतं, हे त्याने सिद्ध करायचं. चालवणारा दोषी ठरला की त्या जागेचा भाडेकरार आपोआप रद्द. अठराव्या कलमाखाली दंडाधिकारी मालकाला सात दिवसांची नोटीस काढू शकतात, चालवणाऱ्याला बाहेर काढू शकतात आणि पुढचं वर्षभर, अल्पवयीन मूल सापडलं असेल तर तीन वर्षं, आपल्या परवानगीशिवाय जागा भाड्याने देऊ नये असा हुकूम करू शकतात.

हे सगळं १९८६ पासून पुस्तकात आहे. मग छाप्याच्या बातमीत मॅनेजरचं नाव येतं, दलालाचं येतं, मालकाचं किती वेळा येतं? दंडाची रक्कमही बघा. कुंटणखाना चालवल्याबद्दल पिटाखाली जास्तीत जास्त दोन हजार रुपये. अंधेरीतला गाळा दोन हजारात दिवसभरासाठी तरी मिळेल का? डान्स बारच्या २०१६ च्या कायद्यात विनापरवाना बार चालवण्याला पंचवीस लाखांपर्यंत दंड ठेवता आला. राज्याला दंड वाढवता येत नाही असं नाही. तो कुठे वाढवायचा, हे ठरवताना नजर मंचावर होती.

तिसरा प्रश्न सगळ्यात जड आहे. छाप्यानंतर बाई कुठे जाते?

मे २००२ मध्ये सांताक्रूझमधल्या एका कुंटणखान्यावर समाजसेवा शाखेने छापा घातला. मुली ताब्यात आल्या. मग न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभा कोण राहिला? दलालांच्या बाजूचाच वकील! कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणारी ‘प्रेरणा’ ही संस्था उच्च न्यायालयात गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निकाल आला. अल्पवयीन मुलगी बाल कल्याण समितीपुढे नेली पाहिजे, दलालाच्या वकिलाने तिच्या वतीने उभं राहता कामा नये, घरच्यांची चौकशी झाल्याशिवाय तिला कुणाच्याही ताब्यात देता कामा नये. देशभर आजही या निकालाचा आधार घेतला जातो. तो आपल्या उपनगरातल्या एका छाप्यातून आला.

मुलींच्या बाबतीत निदान दिशा ठरली. प्रौढ बायकांचं काय? २०१९ मध्ये मालाडच्या एका गेस्ट हाऊसमधून विशीतल्या तीन तरुणींची पोलिसांनी ‘सुटका’ केली. माझगावच्या दंडाधिकाऱ्यांनी त्यांना वसतिगृहात ठेवण्याचा हुकूम केला. दिंडोशीच्या सत्र न्यायालयाने तो कायम केला. त्यांच्या जमातीत देहविक्रयाची परंपरा आहे, म्हणून त्यांना घरी सोडायचं नाही, हेही एक कारण. त्या तिघींवर कसलाही गुन्हा नव्हता. सप्टेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी दोन्ही हुकूम रद्द केले. प्रौढ बाईने देहविक्रय करणं हा या कायद्याखाली गुन्हा नाही, आणि तिला कुठे राहायचं, कुठे जायचं हे ठरवण्याचा हक्क आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. मघाचं वाक्य ते हेच. पण तोवर त्या मुलींचं जवळपास वर्ष गेलं होतं.

बरं, या निकालानंतर तरी घडी बसली का? फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या याच मुलुंडमध्ये छापा पडला. चौतीस वर्षांच्या एका बाईला वर्षभर वसतिगृहात ठेवण्याचा हुकूम मार्चमध्ये झाला. तिला दोन लहान मुलं. मे महिन्यात सत्र न्यायालयाने तिला सोडलं. मधल्या काळात त्या मुलांना शाळेतून कोण आणत होतं, डबा कोण देत होतं, याची नोंद कुठल्याही पंचनाम्यात नसणार.

वसतिगृहं चालवणं सोपं नाही, तिथल्या कर्मचाऱ्यांवर भार फार असतो, हे मान्य. पण २०१२ मध्ये मानखुर्दच्या वसतिगृहातून बायका मोठ्या संख्येने पळून गेल्या आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, हेही विसरता येत नाही. जिथून सुटका झाली तिथून नव्हे, जिथे सुटका करून आणलं तिथून बायका पळतात, तेव्हा काय चुकलंय ते त्यांनाच विचारायला हवं. पिटाच्या सतराव्या कलमात दंडाधिकाऱ्यांना मदत करायला पाच मान्यवरांचं मंडळ नेमण्याची सोय आहे, त्यात शक्य तिथे तीन स्त्रिया. या सभागृहात निवृत्त शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, समाजकार्य शिकलेल्या तरुणी आहेत. आपलं नाव अशा मंडळासाठी द्यावं असं किती जणींना कुणी सुचवलं?

केंद्राने २०१८ मध्ये तस्करीविरोधी सर्वंकष विधेयक लोकसभेत मंजूर केलं, ते पुढच्या वर्षी बारगळलं. २०२१ चा मसुदा मसुदाच राहिला. त्यामुळे राज्याने थांबून राहण्याचं कारण उरत नाही. २०१६ च्या नियमांतली बँक खात्याची ती एक ओळ उचलून स्पा, मसाज सेंटर, ऑर्केस्ट्रा बार, प्लेसमेंट एजन्सी सगळ्यांना लावता येईल. कामगारांची संख्या कितीही असो, या व्यवसायांना नोंदणी बंधनकारक करता येईल. कागदपत्रं मालकाने स्वतःकडे ठेवणं हाच गुन्हा ठरवता येईल. खातं तिच्या नावाचं आणि एटीएम कार्ड मॅनेजरच्या खिशात, असंही होईल, यात शंका नाही. पण मग पैसे कुणी, कुठल्या यंत्रातून, किती वाजता काढले याची नोंद बँकेत राहील, आणि १४३ व्या कलमाला हवा असलेला पुरावा निदान कुठेतरी असेल.

शेवटी आपल्या हातातलं. पिटाच्या अठराव्या कलमाखाली दंडाधिकाऱ्यांनी कारवाई करायची ती पोलिसांकडून ‘किंवा अन्यथा’ मिळालेल्या माहितीवरून. म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी अर्ज करू शकतो, शेजारचा डॉक्टर करू शकतो. जागा शाळा, प्रार्थनास्थळ, वसतिगृह किंवा दवाखान्यापासून दोनशे मीटरच्या आत असावी लागते, आणि आपल्या उपनगरांत त्याबाहेरचा गाळा सापडणं कठीण. पण असा अर्ज लिहिताना घाई नको. नुसता गाळा बंद करून घेतला, तर आतल्या बायका दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाळ्यात, कदाचित आणखी लांब, नालासोपाऱ्यात किंवा भिवंडीत असतील, आणि स्वतःच्या मर्जीने काम करणारी असेल तर तिचं छप्परही जाईल. म्हणून अर्जात जागेचा पत्ता लिहिताना मालकाचं नाव आणि भाडेकराराचा नोंदणी क्रमांक मागवून घ्यायची विनंती लिहा. आतल्या मुली अल्पवयीन दिसतात का, त्यांना एकटीने बाहेर पडलेलं कुणी पाहिलं आहे का, रात्री त्यांना कुठली गाडी नेते, हे लिहा. प्रौढ बायकांना वसतिगृहात पाठवण्याआधी त्यांचं म्हणणं महिला अधिकाऱ्याने त्यांच्या भाषेत, मॅनेजर आणि त्याचा वकील हजर नसताना नोंदवून घ्यावं, अशी स्पष्ट मागणी करा. अर्जाची पोच घ्या, आणि महिन्याभराने मालकाला नोटीस गेली का ते विचारायला पुन्हा जा.